शरयूचा कान

टेक्सासमधल्या अर्विंगच्या आसपास मराठी माणसाच्या घरी जुना रेकॉर्ड प्लेअर बंद पडला, की समोरचा हटकून विचारायचा, "शरयूला दाखवलास का?" शरयू घारपुरे गाणारी नव्हे, वाजवणारीही नव्हे. पण तिचा कान म्हणजे कान आहे असं सगळे म्हणत, आणि हळूहळू तिलाही ते पटलं होतं.

ती मूळची अमरावतीची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर. नाशिकला विजेचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात काही वर्षं ते तपासायची नोकरी केली, मग संजीवशी लग्न झालं आणि नव्व्याण्णव साली ती त्याच्यापाठोपाठ टेक्सासला आली. संजीव सॉफ्टवेअरमधला. त्याचा व्हिसा कामाचा, हिचा नुसता बायकोचा. नोकरी करायची परवानगी नाही. ड्रायव्हिंग येईपर्यंत ती अपार्टमेंटच्या खिडकीतून हायवे बघत बसायची. पुढे गाडी आली, अबोली झाली, तरी दिवसाचा मोठा तुकडा रिकामाच उरायचा. कारखान्यात तिच्या सहीशिवाय मीटर बाहेर जात नसे, आणि इथे बँकेत गेलं तरी नवऱ्याला बरोबर न्यावं लागे.

एकदा चर्चच्या आवारात जुन्या सामानाची विक्री लागली होती. तिथे तिला लाकडी पेटीतला एक टर्नटेबल दिसला. झाकण तुटलेलं, थाळी फिरत नव्हती.

"हे काय करायचंय आपल्याला? जागा कुठंय?" संजीव म्हणाला.

"उघडून तर बघते."

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिने तो उघडला. थाळीला फिरवणारं रबरी चाक वाळून सुपारीसारखं टणक झालं होतं. तिने चाक बदललं, बेअरिंगमधलं घट्ट झालेलं ग्रीस पुसून नवं तेल घातलं, आणि थाळी फिरली. लग्नानंतर एवढ्या मोठ्याने हसताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, असं संजीव अजून सांगतो.

मग ते वेडच लागलं. नोकरीची परवानगी मिळाली तेव्हा तिने सॉफ्टवेअरचा कोर्स करावा असं सगळ्यांनी सुचवलं. ती मात्र वेंडेल नावाच्या म्हाताऱ्या टेक्सन माणसाच्या रेकॉर्डच्या दुकानात रुजू झाली, दुरुस्तीच्या टेबलावर. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांमध्ये कुजबुज झाली. इंजिनिअर बाई आणि दुकानात? शरयूने ते कानाआड केलं.

त्या दुकानात तिने शनिवारची बैठक सुरू केली. जुना टर्नटेबल चांगला वाजतो की नवा, हा रेकॉर्डवाल्यांचा न मिटणारा वाद. शरयूचं म्हणणं असं, की भांडायचं तर नीट भांडा. दोन्ही यंत्रांवर एकाच जातीची सुई लावायची, एकाच गाण्याच्या दोन सारख्या रेकॉर्डी, अ‍ॅम्प्लिफायर एकच, आवाजाची पातळी मोजून सारखी केलेली. पुढे चादर टांगायची आणि लोकांनी सांगायचं, आता कोणतं वाजतंय. भलेभले फसायचे. पन्नास वर्षांपूर्वीचा टर्नटेबल वापरणारे शपथेवर नव्याला जुना म्हणायचे. शरयू मात्र चादरीकडे पाठ करून, चहाचा कप हातात धरून अचूक ओळखायची.

"जुन्याच्या तळाला बारीक घरघर असते," ती समजावून सांगायची, "पण तबल्याचा ठेका कसा, पाय रोवून येतो. नव्यात घरघर नाही, वेग रेसभरही हलत नाही, एकेक वाद्य निवडून घ्यावं इतकं स्वच्छ. फक्त कधीकधी सोवळ्यातलं वाटतं. कुणाला शिवत नाही."

म्हणून ती नव्याला नावं ठेवायची असं नाही. प्रत्येकाची बाजू ती प्रामाणिकपणे मांडायची, म्हणून तर लोक यायचे. पण गेली दोनेक वर्षं तिचं बोलणं बदललं होतं. नवा टर्नटेबल आला की म्हणायची, "बोथट आहे. आता कंपन्यांना काही येतच नाही." एकदा वेंडेल म्हणाला, "शरयू, हेच मॉडेल तुला आधी आवडायचं." तिने खांदे उडवले. चादरीपुढे तिचा अंदाज एकदोनदा चुकला, तर तिने स्पीकर बदलायला लावले.

जगन्नाथ काका तिच्याकडे आले ते अशा दिवसांत. काका म्हणजे जगन्नाथ कर्णिक, ऐंशी ओलांडलेले, टेक्सासमधल्याच शुगर लँड गावात उभी हयात काढलेले केमिकल इंजिनिअर. बायको गेल्यावर त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून मुलगा देवदत्त त्यांना अर्विंगला घेऊन आला होता. देवदत्तने गाडीतून दोन टर्नटेबल उतरवले. एक काकांचा जुना, अमेरिकेतल्या पहिल्या वर्षांत घेतलेला, आता मुका. दुसरा देवदत्तने वडिलांसाठी आणलेला नवाकोरा. काकांच्या स्वतःच्या हातात मात्र एक पातळ कापडी पिशवी होती. त्यात एक छोटी रेकॉर्ड.

"ही नीलांबरीची," ते म्हणाले.

नीलांबरी काकूंनी लग्नाआधी, विशीत असताना, कोल्हापूरच्या एका छोट्या कंपनीसाठी भावगीतं गायली होती. कंपनी लवकरच बुडाली. काढलेल्या रेकॉर्डी वाटून, फुटून, हरवून गेल्या. कर्णिकांकडे ही एकच उरली होती. इतरत्र मागे कोरस होता; दुसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं मात्र काकू एकट्या गायल्या होत्या. त्यानंतर संसार, अमेरिका, मुलगा, मंडळातली गाणी. मोबाइलमध्ये त्यांचे दोनतीन व्हिडिओ होते, पण ते आजारपणातले, दम लागलेल्या आवाजातले.

"नव्यावर लावली तर ती दुसरीच कुणी वाटते," काका म्हणाले. "देवदत्त म्हणतो, बाबा तुम्हाला सवय नाही. तू सांग. खरी कोणावर वाजते?"

"दोन्ही शेजारी लावून बघू काका. ज्यावर खरी वाजेल त्यावरूनच कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवू. मग रेकॉर्ड झिजायची चिंता नाही."

म्हणजे कॉपी करायचं तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. फक्त आधी तिला टर्नटेबल निवडायचा होता.

जुन्याची दुरुस्ती तिने मन लावून केली. पट्टा बदलला, मोटर साफ केली, सुई धरणारा सैल झालेला दांडा घट्ट केला. सुई मात्र मोडलेली होती आणि त्या जातीच्या सुया आता निघत नाहीत. तिच्या खणात जुन्या यंत्रांतून काढून ठेवलेली एक होती. तिने ती बसवली, एक जुनी रेकॉर्ड लावून ऐकली, गोड वाजली. सुईचं टोक तपासायला तिच्या गॅरेजमधल्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. एके काळी ती प्रत्येक सुई त्याच्याखाली धरायची. मग कान इतका तयार झाला, की ते करणं सुटलं.

रविवारी दुपारी काका तिच्या गॅरेजमध्ये खुर्चीत बसले. पंख्याचा आवाज नको म्हणून तिने पंखा बंद केला. बाहेर डांबर वितळवणारं ऊन होतं. दोघंही घामाघूम. तुलना न्याय्य हवी म्हणून तिने तीच सुई आधी जुन्यावर लावली, मग काढून नव्यावर, परत जुन्यावर. काकूंचं कडवं पुन्हा पुन्हा वाजलं. काका डोळे मिटून, ओठांनी शब्द धरून ऐकत होते.

"ही," जुना वाजत असताना ते म्हणाले. "ही आमच्या घरातली."

"मलाही जुनाच वाटतोय काका. आवाजाला अंग आहे." तिलाही मनापासून तसंच वाटत होतं.

काकांनी रेकॉर्ड विश्वासाने तिच्याकडे ठेवली. पुढच्या वीकेंडला अबोली ऑस्टिनहून घरी आली. कॉलेजात ती पॉडकास्ट करते, त्यामुळे कॉपी करायचं काम तिच्याकडे होतं. तिने लॅपटॉप जोडला, हेडफोन लावला, शरयूने सुई टेकवली. अर्धं गाणं होतंय तोच अबोलीने कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, व्हॉट इज दॅट सिझलिंग?"

"कसलं?"

"एव्हरी टाइम शी सिंग्ज 'स' ऑर 'श'. लाइक फ्राइंग समथिंग."

शरयूने हेडफोन स्वतःच्या कानांना लावला. काकूंचा आवाज तिला मऊ, भरीव ऐकू आला. "काही नाही गं. जुनी रेकॉर्ड आहे, थोडंफार असणारच."

"थोडंफार? आई, इट्स रिअली बॅड." अबोली क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, ते मात्र मराठीत. "तुला ऐकू येत नाहीये का?"

 शरयूने सुई काढली आणि कित्येक दिवसांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. हिऱ्याचं टोक एका बाजूने तुटलं होतं. कड पात्यासारखी धारदार झाली होती. असली सुई रेकॉर्डची खाच कोरत जाते, आणि आधी मरतात ते बारीक, उंच आवाज. तिने रेकॉर्ड भिंगाखाली धरली. खाचांच्या काठांवर राखाडी रेघा दिसत होत्या.

हे तिने आपल्या हाताने केलं होतं. दोन्ही यंत्रांवर, न्याय्य तुलना म्हणून, पुन्हा पुन्हा.

त्या संध्याकाळी ती संजीववर भडकली. सुई खणात कुणी टाकली, अबोलीचे हेडफोनच स्वस्तातले, एक ना दोन. संजीवने सगळं ऐकून घेतलं.

"मायक्रोवेव्ह वाजून थांबतो ते तुला कळत नाही," तो हळूच म्हणाला. "मी किती महिने म्हणतोय, एकदा दाखवून ये."

"माझं लक्ष नसतं, म्हणून कळत नाही."

"तुझी आईसुद्धा असंच म्हणायची शरयू."

तिची आई पन्नाशीतच बहिरी होत गेली होती. फोनवर ओरडून बोलायची आणि सगळे हल्ली पुटपुटतात अशी तक्रार करायची. शरयू उठून गॅरेजमध्ये गेली. तिथे रडली की नाही ते ती सांगत नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावरची रेघ दाखवली. डावीकडे, खालच्या स्वरांना, बरी; उजवीकडे कड्यावरून खाली पडावी तशी. उंच स्वर बरेचसे गेले होते, आणि ते काही आज गेले नव्हते. ज्याला ती दोन वर्षं नव्या टर्नटेबलांचा बोथटपणा म्हणत होती, तो तिच्या कानांतला होता. बैठकीत किती जणांना आपण चुकीचं सांगितलं, कुणाकुणाला चांगलं यंत्र विकायला लावलं, हे ती गाडीत बसून आठवत राहिली. पार्किंगमधून गाडी काढायला तिला बराच वेळ लागला.

प्रश्न काकांचा होता. देवदत्तचा फोन आला, बाबा विचारतायत, झाली का कॉपी. ती म्हणाली, थोडं काम राहिलंय. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हाही तेच म्हणाली.

संजीवचं मत वेगळं होतं. "शरयू, काका ब्याऐंशीचे आहेत. त्यांनाही ते 'स' आणि 'श' ऐकू येत नाहीत. त्या दिवशी एवढं वाजवलंस, बोलले का काही? त्यांना ती जशी होती तशीच वाजणार आहे. कशाला त्या माणसाला दुखवायचं?"

"देवदत्तला ऐकू येईल."

"देवदत्त ऐकतच नाही."

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला ते खुपत होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. तिने चार रात्री विचार केला आणि एका सकाळी रेकॉर्ड घेऊन काकांकडे गेली. देवदत्त कामावर गेला होता. काका एकटेच नाश्त्याला बसले होते.

तिने सगळं सांगितलं. सुईचं, 'स' आणि 'श'मधल्या तळल्यासारख्या चरचरीचं, कानांचं, न तपासल्याचं.  पोह्यांची बशी काकांनी बाजूला सरकवली.

"पण मला तर चांगली ऐकू येत होती," शेवटी ते म्हणाले.

"हो काका. तुमचे कानही... वयाने तसे झाले असतील. माझ्यासारखे."

"मग सांगितलंस कशाला?"

तिने पिशवीतून रेकॉर्ड बाहेर काढली.

"मला ऐकू येत नव्हतं ना? मग माझ्यापुरतं ते नव्हतंच. तू आता ते आणून ठेवलंस." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आता मी तिला ऐकेन कशी? मी आता ते तळणच शोधत बसणार. ऐकू येत नसलं तरी शोधणार."

"काका, तुमच्यापासून लपवून ठेवणं मला..."

"तुझं मन हलकं झालं. ठीक आहे. ठेव ती तिथे."

ती रेकॉर्ड टेबलावर ठेवून निघाली. दार त्यांनी लावून घेतलं नाही. तिनेच बाहेरून ओढून घेतलं.

त्या आठवड्यात तिने शनिवारची बैठक बंद केली. वेंडेलला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, माझेही कान गेलेत, मी कुणाला सांगतो? तो हसला, तिला हसू आलं नाही. कोल्हापूर, पुणे, मुंबई, जिथे जिथे रेकॉर्डी जमवणारे लोक आहेत तिथे तिने विचारणा केली. दुसरी प्रत कुठेच मिळाली नाही. एकाने उत्साहाने फोटो पाठवला, तर ती त्याच कंपनीची पण दुसरीच निघाली.

श्रवणयंत्रं आली. पहिल्या दिवशी घर अंगावर आलं. कागद खुळखुळतोय, नळ किंचाळतोय, संजीवची चप्पल फरशीवर फटफटतेय. पक्षी मात्र परत आले. मागच्या झाडावर एवढे पक्षी आहेत हे ती विसरूनच गेली होती. पण गाणं लावलं की ती यंत्रं आवाज दाबायची, उचलायची, व्हायोलिनला पत्र्यासारखं करायची. डॉक्टरांनी संगीतासाठी वेगळी जुळणी करून दिली. बरं वाटायला लागलं. तरी जुना टर्नटेबल लावला की तिला प्रश्न पडायचा, मी हा ऐकतेय की कानांतलं यंत्र ऐकतेय? 

थंडीत एकदा देवदत्तचा फोन आला. "बाबांनी तुम्हाला बोलावलंय. नवी सुई घेऊन या म्हणतायत. आणि कॉपीचं सामान." त्याचा आवाज कोरडा होता. त्याला सगळं कळलं होतं.

या वेळी तिने जुन्या साठ्यातली, न वापरलेली सुई शोधून मागवली, सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, मग अबोलीला फोटो पाठवून पुन्हा बघायला लावली. काकांकडे, देवदत्तने मधे येऊन नेलेला जुना टर्नटेबल खिडकीशी मांडलेला होता. नवा त्यांनी पेटीत भरून ठेवला होता. तिने सुई बसवली, दांड्याचा भार काट्यावर मोजला, रेकॉर्ड ठेवली.

गाणं सुरू झालं आणि शरयूला ते तळण पहिल्यांदा ऐकू आलं. प्रत्येक 'स'ला कढईत पाण्याचा थेंब पडावा तसं चरचरत होतं. अबोली किती सौम्य बोलली होती हे तिला तेव्हा कळलं. शेवटचं कडवं आलं. रेकॉर्डच्या मध्याजवळ खाचेचे वेढे लहान होत जातात, तिथे इजा जास्त होते. काकूंचा तरुण आवाज त्या चरचरीतून वर येत होता, जात होता.

सुई उचलली गेली. काकांनी तिच्या कानांकडे बघितलं.

"आता तुला ऐकू येतं?"

"येतं."

"कुठे जास्त आहे?"

खोटं बोलायला फार सोपी जागा होती. "शेवटी," ती म्हणाली. "काकूंच्या कडव्यात."

काकांनी रेकॉर्डची कापडी पिशवी घडी करून ठेवली. "मला अजूनही वाटतं, तू सांगायला नको होतंस."

"हो काका."

"कॉपी कर."

तिने केली. पुढे अबोलीने कॉम्प्युटरवर ती चरचर काढून टाकायचा प्रयत्न केला. चरचर कमी झाली, पण काकूंचा आवाजही धुऊन निघाल्यासारखा पातळ झाला. तिने दोन्ही प्रती काकांना पाठवल्या. त्यांनी साफ केलेली एकदा ऐकली आणि देवदत्तला ती फोनमधून काढून टाकायला सांगितली.

आता काका मंडळाच्या कार्यक्रमात भेटतात. शरयू वाकून नमस्कार करते, ते "बरी आहेस ना" म्हणतात आणि पुढे जातात. घरी ते पुन्हा आले नाहीत. बोलावूनही आले नाहीत. ते रेकॉर्ड लावतात की नाही, देवदत्त सांगत नाही आणि तिला विचारवत नाही.

शरयू वेंडेलच्या दुकानात अजून जाते. हातात आलेली प्रत्येक सुई भिंगाखाली धरते, वेग मोजते, भार मोजते, आकडे चिठ्ठीवर लिहून यंत्राला चिकटवते. काम पूर्वीपेक्षा चोख होतं असं वेंडेल म्हणतो. मागच्या महिन्यात पुण्याहून नुकतंच आलेलं एक जोडपं दुकानात शिरलं. नवा घ्यावा की जुना दुरुस्त करून घ्यावा, ठरत नव्हतं. कुणीतरी त्यांना तिचं नाव सांगितलं होतं.

"मावशी, आवाज कोणाचा चांगला? तुमचा कान फार तयार आहे म्हणे."

तिने केस मागे सारून त्यांना श्रवणयंत्र दाखवलं. मग दोन्ही यंत्रांवर रेकॉर्डी लावून दिल्या, स्टुलं ओढून दिली आणि म्हणाली, "बसा. तुम्हीच ऐका. घाई करू नका." आणि ती आतल्या टेबलावर जाऊन बसली, जिथे गाणं तिला नीटसं ऐकू येत नव्हतं.